पगारातले दोनशे रुपये जातात कुठे?

महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पावतीवर एक बारकी कपात असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत तेवढी ३००. वर्षाचे बरोबर २,५००. मोठ्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेला माणूस या ‘पीटी’कडे, म्हणजे व्यवसाय कराकडे, ढुंकूनही बघत नाही. पण राज्याने कर कशासाठी घ्यावा, या प्रश्नाचं नेमकं उत्तर या एका ओळीत दडलेलं आहे.

ते शोधायला १९७२ च्या दुष्काळात जावं लागतं. विहिरी आटल्या, जनावरं चाराछावण्यांत गेली आणि खेडीच्या खेडी खडी फोडायला रस्त्यावर उतरली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. मुकादमाने हजेरी घ्यायची, दुपारी सुकडी वाटायची, आठवड्याने मजुरी द्यायची, असा तो काळ. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना त्याआधीचीच. मागेल त्याला काम द्यायचं, हा प्रयोग साठच्या दशकात तासगाव परिसरात झालेला होता. दुष्काळाने तो राज्यभर नेला.

दुष्काळ सरला, पाऊस पडला. पण कामाची गरज काही संपली नाही, आणि कायमची हमी द्यायची तर कायमचा पैसा हवा. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात राज्यभर पसरलेल्या या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने, वकिलाने, दुकानदाराने थोडे पैसे द्यायचे आणि गावातल्या भूमिहीनाला काम मिळायचं. जितका कर जमेल तितकीच भर सरकारनेही घालायची, असा नेम ठरला. मग १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. पाझर तलाव, नालाबांध, गावरस्ते आणि १९९० नंतर फळबागाही याच रोजगार हमी योजनेतून, म्हणजे ‘रोहयो’तून उभ्या राहिल्या. कोकणातल्या आंबा-काजूच्या कितीतरी बागांना या पैशाचा हातभार लागला. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव डोळ्यांपुढे होता.

मग आज अडचण कुठे आहे?

ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त किती व्यवसाय कर घ्यायचा, याचा आकडा तिथेच लिहिलेला आहे. मुळात तो २५० रुपये होता. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाला. दहापट वाढ व्हायला ३८ वर्षं लागली. त्यानंतर जवळपास तितकाच काळ लोटला, देशात मोबाईल आला, महिन्याला लाखांनी मोजायचे पगार आले. आकडा मात्र जागचा हललेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने तो १२,००० करा, असं सांगून ठेवलं आहे.

याचा परिणाम उलटाच होतो. महिना १२,००० कमावणारा सुरक्षारक्षक वर्षाला २,५०० भरतो आणि महिना १२ लाखांचा मॅनेजरही तेवढेच. पहिल्याच्या उत्पन्नाचा पावणेदोन टक्के भाग जातो, दुसऱ्याला कपात जाणवतही नाही. २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना यातून सूट मिळाली, हे चांगलंच झालं. पण घरभाडं आणि किराणा पुरुषांच्या पगारातूनही जातोच.

एवढ्याशा कराने काय होणार, असं कुणी म्हणेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, करमणूक कर आणि बराचसा व्हॅट त्यात विरघळला. राज्याच्या स्वतःच्या हाताखाली उरलं ते पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वाहनं, वीज आणि हा व्यवसाय कर. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, ठाण्यातला हवालदार हा सगळा खर्च मुख्यतः राज्याच्या तिजोरीवर पडतो. ती दारू आणि पेट्रोलवर विसंबून ठेवण्यापेक्षा जास्त कमावणाऱ्याकडून जास्त घेणं केव्हाही न्यायाचं.

करदात्याची तक्रारही खोटी नाही. पुढच्या काळात रोहयोच्या नावाने जमणारी रक्कम आणि त्या योजनेवर होणारा खर्च यांचा मेळ सुटत गेला. हिशेब दिसला नाही की खिशातून पैसे काढताना हात आखडतोच.

घटनेतली मर्यादा वाढवणं संसदेच्या हातात आहे आणि तिथे महाराष्ट्राचे लोकसभेचे ४८ खासदार बसतात. कमी पगारवाल्यांना, पुरुषांनाही, सूट देणं आणि व्यवसाय करातला रुपया कुठल्या तालुक्यात कशावर खर्च झाला हे दरवर्षी जाहीर करणं, ही दोन कामं मात्र मुंबईतच होऊ शकतात. त्यांच्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवायची गरज नाही.