पत्राला वाट कोण दाखवतो?



आमच्या गोव्यात पत्त्यामध्ये वाड्याचे नाव लिहिण्याची रीत आहे. ‘देऊळवाडा’ म्हटले की गावातील लहान मूलही बोट दाखवून वाट सांगते. परंतु देऊळवाडा काही एकाच गावात नाही. तेव्हा केवळ तेवढेच लिहून पत्र मुंबईच्या टपालपेटीत टाकले, तर तेथील वर्गीकरण करणाऱ्या कर्मचाऱ्याने काय करावे? त्याच्या सोयीसाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सहा अंकी पिनकोड आला. ही योजना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील एक अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. पिनकोडाचा पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो. दूरच्या इंदूरचा ४५२००१ आणि पणजीचा ४०३००१ हे दोन्ही ४ ने आरंभ होतात. शेजारच्या बेळगावचा ५९०००१ मात्र ५ ने. पहिल्या खणात पत्र टाकणाऱ्याने एवढाच अंक पाहावा. वाडा कोणता, याची चिंता गावच्या पोस्टमनने करावी.

ई-मेलच्या पत्त्याचीही व्यवस्था अशीच आहे. त्यात मध्यभागी ‘ॲट’ नावाचे वाटोळे चिन्ह असते. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवताना ते प्रथम योजिले. चिन्हाच्या उजवीकडे असते ते ‘डोमेन’, म्हणजे गाव. डावीकडे असतो तो वाडा. वाटेतील सर्व्हरने फक्त उजवी बाजू पाहून पत्र पुढे धाडायचे. डाव्या बाजूचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ त्या गावच्या सर्व्हरचा. इतरांनी तर्क लढवू नये, असा स्पष्ट नियमच आहे.

ही सुटसुटीत रीत प्रारंभापासून नव्हती. काही जाळ्यांमध्ये पत्र पाठवणाऱ्यालाच सगळी वाट लिहून द्यावी लागे: अमक्या संगणकाकडून तमक्याकडे, तेथून तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक नावामध्ये एक उद्गारचिन्ह! मधला एखादा संगणक बंद असला की पत्र तेथेच अडकले. शिवाय निरनिराळ्या जाळ्यांतील पत्ते लिहिण्याच्या रीतीही निरनिराळ्या. या गोंधळातून वाट काढण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सेंडमेल’ नावाची आज्ञावली रचली. तिच्यात वाट दाखविण्याचे नियम व्यवस्थापकाने स्वतः लिहावयाचे असत. प्रत्येक नियमाला दोन बाजू: डावीकडे पत्त्याचा नमुना, आणि तो नमुना जुळल्यास पत्ता कसा पालटून लिहावा ते उजवीकडे. हे नियम अत्यल्प अक्षरांत व चिन्हांत लिहिलेले असल्यामुळे वाचणाऱ्याची मती गुंग होत असे. त्यात आणखी एक खुबी होती. विशेष खूण केली नाही, तर नियम जुळतो आहे तोपर्यंत तो पुनःपुन्हा लावला जाई. लिहिणारा बेसावध असला, तर पत्ता घाण्याच्या बैलाप्रमाणे तेथेच फिरत राही.

पुढे १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी ठरवून दिलेल्या पद्धतीमुळे वाट लिहिण्याचे ओझे पाठवणाऱ्याच्या खांद्यावरून उतरले. प्रत्येक डोमेनने आपली पत्रे कोणता सर्व्हर स्वीकारील, हे सार्वजनिक नोंदीत जाहीर करावे आणि प्रत्येक नावापुढे क्रमदर्शक आकडा द्यावा. लहान आकड्याचे दार प्रथम ठोठवायचे. ते बंद असल्यास पुढचे.

आता दार उघडल्यावर काय होते ते पाहा, कारण आमच्या मते या व्यवस्थेचा प्राण येथे आहे. पाठवणारा सर्व्हर आधी लिफाफा दाखवतो, म्हणजे पत्र कोणाकडून व कोणासाठी. मग मजकूर देतो. घेणारा सर्व्हर आकड्यांत उत्तर देतो. ४ ने आरंभ होणारा आकडा म्हणजे ‘तूर्त अडचण आहे, पुन्हा या’. मग पाठवणाऱ्याने निदान अर्ध्या तासाने पुन्हा यावे आणि सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावा. ५ ने आरंभ होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. आणि २५० म्हणजे ‘घेतले’. हा २५० म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे, ते वचन आहे. तो उच्चारताच जबाबदारी घेणाऱ्यावर येते: पत्र पोहोचवावे, किंवा पोहोचवता आले नाही असे पाठवणाऱ्यास कळवावे.

हे वचन आम्ही एकदा मोडले आहे. शाळेच्या कार्यालयातील पत्रांसाठी नियम लिहिण्याचे काम आमच्याकडे आले होते. आमच्या सर्व्हरवर ते ‘सीव्ह’ नावाच्या भाषेत लिहावे लागतात; सीव्ह म्हणजे चाळणी. जाहिरातींच्या भडिमाराने कारकुनांचा जीव मेटाकुटीस आला होता, म्हणून आम्ही उत्साहाने पहिला नियम लिहिला: पाठवणारा आपल्या यादीत नसेल आणि पत्राला काही जोडलेले असेल, तर पत्र टाकून द्यावे व पुढील नियम पाहूच नयेत. दुसरा नियम असा की, विषयात ‘दाखला’ हा शब्द असल्यास पत्र दाखल्यांच्या खणात ठेवावे. दोन्ही नियम वेगवेगळे पाहिले तर शहाणपणाचे दिसतात. जून महिन्यात कुवेत येथे नोकरी करणाऱ्या एका पालकांनी आपल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. पत्ता नवा, आणि सहीचा अर्ज सोबत जोडलेला! सर्व्हरने २५० म्हटले, पालक निश्चिंत झाले, आणि पहिल्या नियमाने पत्र नाहीसे केले. दुसऱ्या नियमापर्यंत ते पोहोचलेच नाही. अकरावीच्या प्रवेशाची मुदत संपण्यास दोन दिवस उरले असता कुवेतहून दूरध्वनी आला, तेव्हा आम्हांस घाम फुटला. दाखला त्याच दिवशी दिला गेला, परंतु मुलीच्या आईने कार्यालयात आम्हांस एकच प्रश्न केला, “मास्तर, पत्र आलेच नाही असे कसे म्हणता?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. पत्र आलेच होते.

चूक क्रमाची होती हे खरे. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून नेमका नियम आधी आणि ढोबळ नियम नंतर असावा. परंतु त्याहून मोठी चूक टाकून देण्याची होती. गंमत अशी की, ज्यांनी ही भाषा रचली त्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. २००१ मध्ये तिचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले तेव्हापासून तिच्यात तरतूद आहे की, कोणताच नियम जुळला नाही, किंवा नियम चालवताना काही बिघडले, तर पत्र मुख्य पेटीत राहिलेच पाहिजे. न लिहिता लागू असणारा असा हा नियम. त्या भाषेत आवर्तने लिहिण्याची सोयही मुद्दामच ठेवलेली नाही, म्हणजे नियम अनंत काळ फिरत राहण्याची भीती नाही. आम्ही मात्र टाकून देण्याची आज्ञा स्वहस्ते लिहून ती राखण तोडली.

एका सर्व्हरच्या आत फेरे नसले, तरी दोन सर्व्हरांमध्ये ते पडू शकतात. एखाद्या शिक्षकाने शाळेची पत्रे घरच्या पत्त्यावर वळवली आणि घरच्या पत्त्यावरची शाळेकडे, तर पत्र दोहोंमध्ये हेलपाटे घालू लागते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपल्या हातून ते गेल्याची एक ओळ लिहितो, टपालाच्या शिक्क्यासारखी. अशा ओळी फार झाल्या (प्रमाणात निदान १०० ची मर्यादा सुचविलेली आहे) की सर्व्हर ओळखतो, हे पत्र फिरत आहे. आणि ते परत धाडतो. परतीच्या पत्राच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा रकाना रिकामा ठेवतात, म्हणजे परतीचेही परत येणे नको!

सांप्रत आमच्या कार्यालयात दाखल्यांचा नियम पहिला आहे, त्यानंतर परीक्षेचा, मग पालकांच्या यादीचा. टाकून देण्याचा नियम काढला. संशयित पत्रे एका वेगळ्या पेटीत जातात आणि दररोज दुपारी चार वाजता कारकून ती पेटी उघडून पाहतात. गेल्या आठवड्यात तिच्यात तीन पत्रे निघाली: दोन जाहिराती, आणि एका माजी विद्यार्थ्याचे, ज्याला आपल्या जुन्या गुणपत्रिकेची प्रत हवी होती.