जाम घरचा, पण बरणी लहान

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्याच्या तोंडाला बाजारात येते तेव्हा तिचा तोरा काही और असतो. फेब्रुवारी-मार्च उजाडला की भाव उतरतो आणि पसरणी घाट उतरून येणारा जो तो दोन-चार खोकी घेऊनच घरी परततो. वरची फळे मुले फस्त करतात. खालच्या थरातली दुसऱ्या दिवशी मऊ पडलेली दिसतात. मग घरात जामचा बेत ठरतो आणि माझ्या दवाखान्यात दरवर्षीचा प्रश्न येतो, "डॉक्टर, घरीच करतेय, तर साखर निम्मी घातली तर चालेल ना? तेवढीच तब्येतीला बरी!"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र थोडे खुलासेवार द्यावे लागते, कारण जाममधली साखर केवळ गोडीसाठी नसते. जाम टिकतो तो तिच्यामुळेच. जिवाणूंना वाढायला पाणी लागते. साखरेचे प्रमाण पुरेसे असले की ती फळातले पाणी जणू धरून ठेवते आणि जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत जाममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत, असे सांगितले आहे. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरच. आपल्या आज्यांनी हे नियम वाचले नव्हते, पण मोरांब्याचा पाक कच्चा राहिला तर बरणीवर बुरशी धरते हे त्यांना पक्के ठाऊक होते. कैरीचा मोरांबा, साखरांबा आणि हा साहेबी जाम ही सारी एकाच कुळातली भावंडे.

तेव्हा निम्म्या साखरेचा पदार्थ जरूर करावा, पण त्याला जाम समजू नये. ते गोड शिजवलेले फळ. फ्रीजमध्ये ठेवून पाच-सहा दिवसांत संपवावे. बरणीभर करून उन्हाळाभर पुरवायचा असेल, तर साखरेत काटकसर करून भागणार नाही. काटकसर करायची ती खाण्यात. म्हणूनच मी सांगतो, एका वेळी अर्धा किलो फळाचाच जाम करावा. दोन लहान बरण्या भरतात आणि महिन्याभरात संपतात. शिवाय थोडा माल लवकर आटतो, त्यामुळे रंग आणि वास चांगला राहतो. पाच किलोचा घाट घातला की तासभर ढवळत बसावे लागते आणि शेवटी काळपट, जळकट वासाचा गोळा हाती येतो.

आता कृतीकडे वळू. अर्धा किलो स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी आणि मग देठ काढावेत. आधी देठ काढले तर फळ आत पाणी ओढून घेते. मऊ फळ चालते, पण बुरशी लागलेले एकही घेऊ नये. 'शिजवणारच आहोत' हा युक्तिवाद इथे कामाचा नाही, कारण बुरशीने तयार केलेली काही विषद्रव्ये उकळूनही पुरती नष्ट होत नाहीत. फळांचे तुकडे करून त्यात ४०० ग्रॅम साखर मिसळावी आणि दोन-तीन तास झाकून ठेवावे. फळाला आपोआप रस सुटतो. वेगळे पाणी अजिबात घालू नये. नंतर त्यात एका मोठ्या लिंबाचा रस घालावा.

हे लिंबू विसरू नये. फळात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. आंबटपणा आणि साखर यांची जोड मिळाली की त्याची जाळी तयार होते आणि जाम 'बसतो'. स्ट्रॉबेरीत पेक्टिन बेताचेच असते. पेरूत ते भरपूर. म्हणून एखादा अर्धकच्चा पेरू चिरून थोड्या पाण्यात शिजवावा आणि ते पाणी गाळून स्ट्रॉबेरीत घालावे. जाम छान घट्ट होतो, बाजारातली पेक्टिनची पूड आणावी लागत नाही.

आंबटपणाचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. बोटुलिझम नावाची विषबाधा करणारा जंतू हवाबंद बरणीत, हवा नसतानाही वाढतो. त्याचे बीज साध्या उकळीने मरत नाही. मात्र पदार्थ पुरेसा आंबट असला, म्हणजे त्याचा पीएच ४.६ च्या खाली असला, की ते बीज रुजत नाही. स्ट्रॉबेरी मुळातच आंबट, त्यामुळे तिची चिंता नाही. पण हीच कृती पपई, केळे, चिकू किंवा अंजिराला लावायची तर लिंबाचा रस हातचा राखून चालणार नाही. ही फळे फार कमी आंबट असतात. ज्यांना लिंबू घालायचेच नाही, त्यांनी या फळांचा जाम बरणीत भरून ठेवण्याच्या फंदात पडू नये.

भांडे जाड बुडाचे, पसरट आणि स्टीलचे घ्यावे. माळ्यावरचे पितळी पातेले कल्हई उडालेले असेल तर ते मुळीच नको. आंबट रसात तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या मागे लागतात. आच मोठी ठेवून सतत ढवळावे. पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण आळू लागते. वर येणारा फेस काढत राहावे.

झाला की नाही हे ओळखण्यातच सारी मेख आहे. घरात वजनकाटा असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय असा: रिकाम्या पातेल्याचे वजन आधीच लिहून ठेवावे. आत घातलेली साखर ४०० ग्रॅम, फळाची स्वतःची साखर आणखी ३५-४० ग्रॅम. मिश्रण आटून ६५० ग्रॅमवर आले की हिशेब बरोबर ६७-६८ टक्क्यांवर बसतो. काटा नसेल तर बशी फ्रीजमध्ये गार करून तिच्यावर थेंब टाकावा, आणि मिनिटभराने बोटाने सारून पाहावा. सायीसारखी सुरकुती पडली तर जाम झाला, पाण्यासारखा पळाला तर अजून थोडा आटवावा. तापमानाचे गणित मात्र पुस्तकातून जसेच्या तसे उचलू नये. पुस्तकात १०५ अंश लिहिलेले असते, ते समुद्रसपाटीचे. उंचीवर पाणीच कमी तापमानाला उकळते. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणजे तिथे जाम साधारण १०० अंशांवर तयार होतो. तिथे १०५ ची वाट पाहणाऱ्याच्या हाती टॉफी येईल. (आणि कृपा करून ताप बघायचा थर्मामीटर यात बुडवू नये. त्याची धाव ४२ अंशांपर्यंतच!)

इथे एक सूचना कळकळीने करतो. उकळता जाम उडतो आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. ढवळताना लहान मुलाला कडेवर घेऊ नये, ओट्याजवळ खेळू देऊ नये. अंगावर उडालाच तर तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली पुरी वीस मिनिटे धरावा. बांगडी, अंगठी लगेच काढावी, सूज आल्यावर निघत नाही. चिकटलेला जाम ओरबाडू नये, पाण्याने तो सुटतो. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काहीही लावू नये. लेप लावून आलेली जखम आम्हाला आधी खरवडून धुवावी लागते आणि रुग्णाचे हाल दुप्पट होतात. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर पाणी घालून झाल्यावर थेट डॉक्टरांकडे यावे.

काचेच्या बरण्या स्वच्छ धुऊन दहा मिनिटे पाण्यात उकळाव्यात आणि कोरड्या कराव्यात. जाम गरम असतानाच गरम बरणीत, लाकडी पाटावर ठेवून भरावा. गार फरशीवर बरणी तडकते. झाकण लावून वर तारीख लिहावी. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे.

चांगला झालेला जामही बहुधा चमच्यापायी बिघडतो. पोळीला लावलेली, तूप आणि कण लागलेली सुरी पुन्हा बरणीत गेली की बुरशीचे बी आत पोचले. एकाने ओला चमचा घातला की वरच्या थरात साखर पातळ होते आणि तिथे बुरशी धरते. मग घरातली वडीलधारी मंडळी 'वरचे तेवढे काढून टाक, खालचा चांगला आहे' म्हणतात. अन्न वाया जाऊ नये ही त्यांची भावना मी समजू शकतो. पण बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि तिची विषद्रव्ये तर दिसतही नाहीत. सबंध बरणी टाकून द्यावी. बरणी लहान असली की टाकताना जीवही कमी तुटतो. बुडबुडे आले, दारूसारखा वास आला किंवा झाकण फुगले तरी तेच करावे. तळाशी साखरेचे खडे जमले किंवा वर थोडा रस सुटला, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही, तो दोष फक्त रूपाचा.

आता खाण्याविषयी. पंधरा ग्रॅम जाम म्हणजे एक भरलेला चमचा, त्यात सुमारे दहा ग्रॅम साखर. तेवढी साखर मिळवायला ताजी स्ट्रॉबेरी दीडशे ग्रॅमहून जास्त खावी लागते, आणि तिच्यात तंतू असतात, न शिजवल्यामुळे क जीवनसत्त्वही पुरते असते. त्यामुळे जाम फळाच्या जागी धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला. पाच वर्षांच्या मुलाची गरज १३५० उष्मांक धरली तर तो हिशेब ३४ ग्रॅम, आणि शक्यतो १७ ग्रॅम होतो. डब्यात रोज दोन चमचे जाम लावलेली पोळी दिली की २० ग्रॅम तिथेच संपले, दूध-बिस्किटे अजून बाकीच. आठवड्यातून दोनदा द्यावी, आणि खाल्ल्यावर चूळ भरायला सांगावे. दोन वर्षांखालील बाळाला जामची चवही लावू नये.

मधुमेही मंडळी 'गुळाचा केलाय' म्हणून निर्धास्त असतात. गूळ ही मुख्यतः साखरच आहे, रक्तातली साखर तिनेही तशीच वाढते. कृत्रिम गोडी घालून केलेल्या जाममध्ये साखर नसते हे खरे, पण त्यात टिकवणारेही काही नसते आणि साध्या पेक्टिनने तो बसतही नाही. त्यापेक्षा वाटीभर ताजी स्ट्रॉबेरी खावी, ती चालते.

अशा घरात साखरेचा आणि बिनसाखरेचा जाम शेजारी असेल तर बरण्यांवर ठळक चिठ्ठ्या हव्यात. यामागे कारण आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची साखर कधी ७० च्या खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. त्या क्षणी त्याला पंधरा ग्रॅम साखर पोटात हवी. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून देणे उत्तम, हाताशी नसेल तर दीड भरलेला चमचा साखरेचा जाम चालतो. घाईत बिनसाखरेची बरणी हाती आली तर मोलाची मिनिटे वाया जातात. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर साखर आणि जाम दोन्ही हळू पचतात, तिथे ग्लुकोजच लागते. ते घरात आणून ठेवावे. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, वाढली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. आणि रुग्ण शुद्धीवर नसेल, गिळू शकत नसेल तर तोंडात जाम, साखर, पाणी काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि तडक रुग्णालय गाठावे.