धुऱ्यावरचा वैमानिक

सिंदेवाही-मूलच्या इलाख्यात धान निसवू लागले आणि चुडांच्या बुंध्याशी तुडतुडे दिसू लागले, म्हणजे शेतकऱ्याला फवारणीवाचून गत्यंतर राहत नाही; आणि पाठीवर पंप बांधून पिकात शिरणाऱ्या माणसाला त्या विषाची केवढी किंमत द्यावी लागते, हे २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना मृत्युमुखी पडलेल्या २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. म्हणूनच मजुराच्या पाठीवरचे ते ओझे उतरवणाऱ्या ड्रोनचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु त्याचे काम जवळून पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली, की जोखीम नाहीशी झालेली नाही, केवळ तिचा धनी बदलला आहे.

मी पाहिलेली चालक बचत गटातील एक तरुणी होती. वारा पडलेला असतो म्हणून ती भल्या पहाटे आली, आणि यंत्राची पेटी उघडण्यापूर्वी तिने बांधीला पायी फेरा घातला: मोटारपंपाकडे गेलेली विजेची तार, धुऱ्यावरचा मोह, पलीकडचा मासे पाळलेला मामा तलाव, या सर्वांची तिने मनाशी नोंद केली. मग पंख्यांच्या पात्यांवरून बोट फिरवून चीर आहे काय ते तिने पाहिले, बॅटरी फुगलेली नाही याची खातरजमा केली, टाकीत निव्वळ पाणी भरून प्रत्येक नोझलचा फवारा तपासला, आणि शेजारच्या धुऱ्यावर गवत कापणाऱ्या बायांना दूर जाण्यास विनविले. औषध कालवण्याच्या बेतात असतानाच तलावाच्या दिशेने वारा सुटला. मालक घाई करू लागले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “काका, वारा पडू द्या. आता नाही उडवत.”

या नकारामागे एका शतकाचा अनुभव उभा आहे. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात जॉन मॅक्रेडी या वैमानिकाने विमानातून झाडांवर कीटकनाशकाची भुकटी उधळली, तेव्हापासून या व्यवसायातील अपघातांची कारणे फारशी बदललेली नाहीत: पिकालगत उडताना न दिसणारी तार, आणि शेताच्या टोकाशी वर उठून वळताना वेग घटल्याने कोसळणारे विमान. १९५० साली फ्रेड वाइक यांनी आपल्या ‘एजी-१’ विमानात वैमानिकाला औषधाच्या टाकीमागे उंचावर बसविले, ते तार दिसावी म्हणून आणि आपटल्यास आघात प्रथम यंत्राने सोसावा म्हणून. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, १९७२ साली प्रथम उडालेल्या ‘बसंत’ या शेतीविमानातही वैमानिकाचे आसन उंचच होते.

त्या वैमानिकाचे स्वतःचे प्राण हेच त्याच्यावरचे सर्वांत कठोर तपासनीस होते. धुऱ्यावर उभ्या असलेल्या चालकाला तो धाक नाही. यंत्र तारेला अडकले वा बॅटरी दगा देऊन कोसळले, तर फिरती पाती आणि विषाची टाकी पडणार ती बहुधा दुसऱ्याच कोणावर, आणि वाऱ्याने वाहिलेले औषध उतरणार तेही दुसऱ्याच्याच पाण्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनी चालकाला प्रमाणपत्राचे बंधन घातले, त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली, हे उचितच झाले. तथापि एकरी दराने पैसे मिळणाऱ्या चालकाला थांबलेली प्रत्येक घटका तोट्याची वाटते, आणि कायद्याचे कलम त्या क्षणी धुऱ्यावर हजर नसते. म्हणून वाऱ्यामुळे रद्द झालेल्या फेरीचाही मेहनताना चालकाला मिळावा, आणि तारेला लागता लागता वाचलेल्या यंत्राची हकिकत, कोणालाही कसूरवार न धरता, तालुका कृषी कार्यालयात नोंदवून घेतली जावी, अशी तजवीज झाली पाहिजे. न उडण्याचा निर्णय ज्याला परवडतो, त्याच्याच हातून सुरक्षित उड्डाण घडते.