मनुष्याच्या कातडीवरील शिंग

“तुला काय शिंगें फुटलीं आहेत?” असें आपण उर्मट मुलास विचारतों, तें केवळ बोलण्याची रीत म्हणून. परंतु मनुष्याच्या देहावर शिंगासारखी वाढ खरोखरच होऊं शकते. ती झाली म्हणजे घरांत थट्टा, लाज आणि शकुन-अपशकुन ह्यांची गर्दी होऊन खरा प्रश्न बाजूस राहतो. तो असा कीं, ह्या शिंगाच्या मुळाशीं काय आहे?

गोविंदपंत बुंदेल्यांच्या नांवामुळें सागर शहर मराठी वाचकांस परिचित आहे. त्या जिल्ह्यांतील एका ७४ वर्षांच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर, मार लागल्यानंतर कांहीं वर्षांत, सुमारें चार इंच लांबीचें शिंग वाढलें. न्हाव्याकडून तें कापवावें आणि तें पुन्हां वाढावें, असा क्रम चालला होता. अखेर भाग्योदय तीर्थ रुग्णालयांत डॉ. विशाल गजभिये ह्यांनीं तें मुळासकट काढून त्या जागीं कातडीचें रोपण केलें. काढलेला भाग तपासतां तो निरुपद्रवी ठरला. २०१९ सालीं ही हकीकत सर्वत्र छापून आली. न्हाव्याच्या वस्तऱ्यानें शेंडा जात होता, मूळ राहत होतें. वैद्याच्या शस्त्रानें मूळ गेलें आणि त्याची परीक्षाही झाली. सारा भेद एवढाच!

गाईच्या शिंगांत हाड असतें, तसें ह्या शिंगांत नसतें. आपले केस व नखें ज्या केराटिन द्रव्याचीं बनतात, त्याचेच थरांवर थर साचून तें कठीण होतें. बहुधा उतारवयांत, चेहरा, कान, टाळू, हाताची पाठ अशा उन्हांत उघड्या राहणाऱ्या जागीं तें उगवतें. त्याच्या बुडाशीं साधी चामखीळ असूं शकते, उन्हानें बिघडलेली कातडी असूं शकते, किंवा प्रत्यक्ष कर्करोगही असूं शकतो. १९९१ सालीं एका ब्रिटिश त्वचारोग-नियतकालिकांत अशा ६४३ शिंगांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं सुमारें ६१ टक्के निरुपद्रवी होतीं. उरलेल्या ३९ टक्क्यांच्या मुळाशीं कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली.

सांवळ्या वर्णामुळें आपल्या लोकांस उन्हाच्या कर्करोगापासून बरेंच संरक्षण मिळतें हें खरें. पण तें अभेद्य कवच नव्हे. शिवाय कातडीस छळणारें ऊन एकटेंच नाहीं. जुन्या भाजल्याचे व्रण, न भरणाऱ्या जखमा, सततचें घर्षण हींही कारणें आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं १९४५ सालीं, वर्षानुवर्षें कमरेस घट्ट नेसलेल्या धोतराखालीं होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन केलें. तो रोग फार विरळा. म्हणून धोतरास भिण्याचें कारण नाहीं. परंतु दीर्घकाळ डिंवचली गेलेली कातडी आपला स्वभाव बदलूं शकते, हा त्यांतील बोध मोठा आहे.

शिंगाचें बूड लाल, रुंद किंवा घट्ट लागणें, दुखणें, रक्त येणें, वाढ झपाट्यानें होणें हीं संशयाचीं लक्षणें होत. तथापि तीं नसलीं म्हणजे चिंता मिटली असें नव्हे; निर्णय सूक्ष्मदर्शकाखालींच होतो. म्हणून घोड्याचा केस बांधणें, चुना लावणें, नखें काढण्याच्या यंत्रानें शेंडा तोडणें हे उपाय वर्ज्य समजावे. त्वचारोगतज्ज्ञ जागा बधिर करून बुडासह वाढ काढतो; तो भाग प्रयोगशाळेंत अवश्य पाठवावा व अहवाल जपून ठेवावा. ह्या जातीचा कर्करोग वेळींच सांपडला, तर पुष्कळदां एवढ्या शस्त्रक्रियेनेंच बरा होतो.

भाईंदरजवळच्या खारीसारख्या गांवीं, जेथें मिठागरांच्या व खाडीच्या उन्हांत कित्येकांच्या पिढ्या गेल्या, तेथील वृद्धांस तर हें विशेषेंकरून सांगावयास हवें. वडील माणसें कानावरची खुंटी टोपीखालीं लपवितात आणि “म्हातारपणीं असावयाचेंच” म्हणून सोडून देतात. अशा वेळीं सुनांनीं व नातवंडांनीं थोडा आग्रह धरावा. निरुपद्रवी ठरलें, तर एक फेरी फुकट गेली एवढेंच. न ठरलें, तर त्या फेरीनें एक आयुष्य वांचलें.