अठरा लागले की अठरा भरले?

श्रोतेहो, आकाशवाणीवरून फळा दाखविता येत नाही. म्हणून आपणच एक कागद घ्यावा आणि त्यावर एक आडवी रेघ ओढावी. डाव्या टोकाजवळ शून्य मांडून उजवीकडे सारख्या अंतराने १, २, ३ असे २५ पर्यंत आकडे लिहावेत. ही झाली संख्यारेषा. हिच्यावर जी संख्या उजवीकडे, ती मोठी. एवढा एकच नियम ध्यानात असू द्यावा.

‘क्ष बरोबर १८’ असे म्हटले, तर रेषेवर एक ठिपका दिला की काम संपले. परंतु ‘क्ष १८ पेक्षा लहान’ असे म्हटले की उत्तर एका संख्येत मावत नाही. रेषेचा एक अख्खा भाग उत्तर होऊन बसतो. यालाच असमता म्हणतात. ‘लहान’ आणि ‘मोठे’ दर्शविणारी आजची चिन्हे टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम छापली गेली.

आता खरा प्रश्न सीमेचा. आमच्या मादन हिप्परग्याकडील सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही: हद्दीचा दगड स्वतः कोणाच्या बाजूचा? गणितात त्याची खूण ठरलेली आहे. सीमेवरची संख्या उत्तरात येत असेल तर तेथे भरीव वर्तुळ काढावे. येत नसेल तर पोकळ.

एक उदाहरण घेऊ. १८ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीचा विवाह २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह ठरतो. म्हणून १८ वर पोकळ वर्तुळ काढून तेथून डावीकडची रेघ ठळक करावी. वय उणे नसते. तेव्हा ही रेघ शून्याशी थांबेल. मतदाराचे वय मात्र १८ पेक्षा कमी नसावे, असे संविधान सांगते. १९८९ पूर्वी ही मर्यादा २१ होती. ‘कमी नाही’ म्हणजे तेवढे किंवा अधिक. म्हणून येथे १८ वर भरीव वर्तुळ आणि बाण उजवीकडे. एकाच ठिकाणी एक वर्तुळ पोकळ, दुसरे भरीव. म्हणूनच दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या तर मध्ये फट राहत नाही आणि एकही संख्या दोन्हीकडे मोजली जात नाही.

सोयरिकीच्या बैठकीत मुलीचे वय विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, “अठरावे लागले.” ऐकणाऱ्यांच्या कानात ‘अठरा’ हा शब्द राहतो आणि मंडळी तिथीकडे वळतात. पण अठरावे लागले म्हणजे सतरा भरले. संख्यारेषेवर ती मुलगी नुकतीच १७ वर आली आहे. पोकळ वर्तुळापर्यंत अजून वर्षभराची वाट आहे. त्या वर्षात तिची एक इयत्ता पुरी होऊ शकते.

तेव्हा श्रोतेहो, कागदावरची ती रेघ घरात जपून ठेवावी. उद्या कोणी ‘लागले’ म्हणाले, तर ‘भरले का?’ एवढेच विचारावे आणि बोट रेषेवर ठेवावे.