जोडीचा दंडक

पारशी समाजाच्या अंत्यविधीत पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी वापरली जाते. तिला पैवंद म्हणतात. मृतदेहाला स्पर्श करण्याचे काम परंपरेने ज्यांच्याकडे सोपविले आहे ते नसेसालार मृताच्या खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी स्नान करतात, धुतलेली पांढरी वस्त्रे अंगावर चढवितात, बाज नावाच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणून उत्तरार्ध काम संपेपर्यंत राखून ठेवतात, आणि मग त्या पट्टीचे एक टोक एकाने व दुसरे टोक दुसऱ्याने धरून दोघे बरोबरच आत शिरतात. देह वजनदार असेल तर चौघे किंवा सहा जण येतात, कारण संख्या समच असली पाहिजे. आणि देह एखाद्या अर्भकाचा असला, एका हातावर सहज मावेल इतका लहान असला, तरीही दोघांवाचून तो उचलला जात नाही. मर्तिकाच्या कामाच्या नाना देशींच्या रीती वाचताना या एका दंडकाने मला जितके विचारात पाडले तितके दुसऱ्या कशानेही पाडले नाही. कारण मृतांची सेवा करणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, हा जो प्रश्न आज मानसशास्त्राच्या परिभाषेत विचारला जाऊ लागला आहे, त्याच्या उत्तराचा प्रारंभ या कापडात आहे, आणि पुढचा जो भाग त्या दोघांच्या बाहेरच्या समाजाने पुरा करावयाचा होता तो मात्र शतकानुशतके तसाच राहून गेला आहे.

हा दंडक अद्याप जेथे पाळला जातो ती मुंबईची डुंगरवाडी मलबार हिलच्या उतारावर, केम्प्स कॉर्नरच्या गजबजाटाला लागून, सुमारे ५५ एकरांच्या गर्द झाडीत वसली आहे. १६७० नंतरच्या काही वर्षांत मोदी हिरजी वाच्छा यांनी येथे पहिला दखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघडा ठेवण्याचा गोल मनोरा, बांधला असे मानले जाते. पुढे आणखी दखमे उभे राहिले, मृतदेह ठेवण्यासाठी बंगल्या झाल्या, आणि या सर्वांची देखभाल मुंबईच्या पारशी पंचायतीकडे आली. त्याच पंचायतीचे दीर्घकाळ चिटणीस असलेले जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पारशांचे विधी इतक्या बारकाईने नोंदविले आहेत की, ज्याला त्या आवारात बंगलीच्या पुढे जाण्याची मुभा नाही अशा माझ्यासारख्या बिगर-पारशालाही त्या कामाचा क्रम डोळ्यांसमोर उभा करता येतो.

तो क्रम असा. नसेसालार देह शिळेवर ठेवतात व त्याच्याभोवती लोखंडी सळईने तीन वेळा रेघ ओढतात. त्या रेघेच्या आत मग इतर कोणी जावयाचे नसते. जवळ अग्नी तेवत असतो, त्यावर चंदन व लोबान पडतो. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणून चार डोळ्यांचा मानलेला कुत्रा आणून त्याची दृष्टी देहावर पाडतात, हा सगदीद. नेण्याची वेळ जवळ आली की नसेसालार गेहान, म्हणजे लोखंडी तिरडी, घेऊन येतात. लाकूड ओल शोषून घेते म्हणून ते येथे वर्ज्य आहे. त्यानंतर दोन धर्मगुरू, तेही पैवंद धरूनच, गाथांचे पठण करतात. पठण संपते, आप्त शेवटचा सेजदो, म्हणजे नमन, करतात, आणि मग नसेसालार मृताचा चेहरा झाकून, देह तिरडीला पट्ट्यांनी बांधून, तो बाहेर उभ्या असलेल्या खांदियांच्या हवाली करतात. खांदिये जोडीने चालतात. त्यांच्यामागे येणारे आप्तस्वकीयही दोघा-दोघांनी, मधे एक रुमाल धरून, निःशब्द चालतात. दखम्यापाशी शेवटचे मुखदर्शन होते, लोखंडी दार उघडते, आणि आत केवळ नसेसालार जातात. पुरुषांसाठी बाहेरचे, स्त्रियांसाठी मधले व मुलांसाठी आतले अशी तीन वर्तुळे आणि मध्यभागी अस्थींसाठी खोल भंडार, अशी आतली रचना असते. देहावरची वस्त्रे उतरवून तो उघडा ठेवावयाचा, वस्त्रे पुन्हा कोणाच्याही उपयोगास येऊ नयेत म्हणून वेगळ्या खड्ड्यात टाकावयाची, दार लावून बाहेर यावयाचे, बाजेचा राहिलेला भाग पुरा करावयाचा, स्नान करावयाचे, कपडे बदलावयाचे. तेव्हा कोठे काम संपले.

या जोडीच्या नियमाचे मूळ वंदिदाद या प्राचीन धर्मग्रंथात आहे, आणि ते करुणेत नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मृतदेहावर नसू नावाची अपवित्र शक्ती झडप घालते, एकट्या माणसाला ती ग्रासते, म्हणून प्रेत एकट्याने उचलू नये, असा तो विचार. आणि जो एकटा उचलील त्याला वस्तीपासून, अग्नीपासून, पाण्यापासून दूर, निर्जन कुडाच्या आवारात आयुष्य कंठावे लागेल, अशी त्याला भयंकर शिक्षा सांगितली आहे. तथापि विधीचा हेतू एक असतो आणि त्याने माणसाच्या पदरात पडणारे फळ पुष्कळदा दुसरेच असते. त्या खोलीत शिरताना आपण एकटे नाही, आपल्या मुठीतली पट्टी दुसऱ्याच्याही मुठीत आहे, आपण पाहिले ते त्यानेही पाहिले आहे, आणि या कामाला जसा नेमका आरंभ आहे तसाच नेमका शेवटही आहे, ही जाणीव नसेसालाराला देणारा हा दंडक ज्याने घातला त्याच्या मनात भूतबाधेचे भय असो की आणखी काही, त्याने त्या माणसाला एक सोबती दिला.

अर्वाचीन संशोधन जेथे पोहोचले आहे ती जागा येथून फार दूर नाही. रॉबर्ट उर्सानो व जेम्स मॅक्कॅरल या अमेरिकी मनोवैद्यक संशोधकांनी १९९० च्या सुमारास, स्फोट व युद्ध यांत मरण पावलेल्यांचे देह हाताळणाऱ्या सैनिक व स्वयंसेवकांचा अभ्यास केला. त्यांत त्यांना आढळले ते असे की, रक्त व दुर्गंधी यांचा ताण असतोच. परंतु त्याहून खोल जखम होते ती मृताशी मन एकरूप झाल्याने, म्हणजे हा माझ्याच वयाचा आहे, हे माझ्याच मुलासारखे आहे, येथे मीही असू शकलो असतो, असे वाटल्याने. मृताच्या खिशातली चिठ्ठी, छायाचित्र, अंगठी अशा वस्तू म्हणूनच देहाहूनही अधिक छळतात, आणि लहान मुलांचे देह अनुभवी माणसालाही हलवून सोडतात. नवशिक्याला प्रत्यक्ष कामापेक्षा कामाच्या आदल्या रात्रीची कल्पना अधिक त्रास देते. नवख्याची जोडी जाणत्याशी घालावी, कामात विसावा असावा, आणि घरच्या माणसांना कामाचे स्वरूप ठाऊक असावे, असे या अभ्यासाच्या वाटेवरचे उपाय आहेत. हे वाचल्यावर देह खांदियांच्या हाती देण्यापूर्वी त्याचा चेहरा झाकण्याच्या रीतीकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तो चेहरा झाकणाऱ्यांनी हा विचार केला होता असा दावा मी करणार नाही, पण खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला त्याचा आधार होत असला पाहिजे, याविषयी मला शंका वाटत नाही.

आता त्या राहून गेलेल्या भागाकडे वळले पाहिजे, आणि तो भाग अप्रिय आहे. दखम्याच्या दारापर्यंत जोडी अभेद्य ठेवणाऱ्या समाजाने दाराबाहेर मात्र त्या दोघांना आपल्यातून वेगळे काढले. प्रेतस्पर्शाच्या शुद्धीसाठी बरशनूमसारखा नऊ रात्रींचा एकांतविधी सांगितला गेला. ज्यांचा स्पर्श नित्याचा त्यांचे वेगळेपणही नित्याचे झाले. त्यांची पंगत निराळी, वस्ती त्या टेकडीवरच, आणि सोयरीक जुळणे दुर्घट. सायरस मिस्त्री यांनी २०१२ च्या आपल्या इंग्रजी कादंबरीत एका खांदियाच्या तोंडून हे आयुष्य सांगितले आहे, आणि त्यात या लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेल्या संपाचा धागा गुंफला आहे. साप्ताहिक रजा, कामाचे ठरीव तास, माणुसकीची वागणूक अशा ज्या मागण्या कोणत्याही गिरणी कामगाराने कराव्यात त्याच हे लोक करीत होते, हे तेथे वाचकाला उमगते. मृतांची सेवा पुण्याची म्हणावयाची आणि ती करणाऱ्याच्या हातचे पाणी टाळावयाचे, हा प्रघात काही पारशांपुरता नाही. काशीच्या घाटावरील डोम, आपल्याकडील मसणजोगी, सरकारी इस्पितळांच्या शवागारांत काम करणारे नोकर या सर्वांच्या वाट्याला तो आला आहे, आणि या कामात मद्याचा आधार इतक्या ठिकाणी का घेतला जातो याचे कारण प्रेताच्या वासाइतकेच या दुराव्यातही शोधावे लागते.

त्यातच गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गिधाडे गेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो व त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे कारण २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली पशुवैद्यकात त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. पण तोवर भारतातील गिधाडांच्या मुख्य जाती शंभरात एखादे उरावे इतक्या ओसरल्या होत्या. पूर्वी जे काम पक्षी घटका-दोन घटकांत उरकीत त्यासाठी आता उन्हाची वाट पाहावी लागते; डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसविले गेले, परंतु मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा असतो. या प्रश्नावर पारशी समाजात पुष्कळ वाद झाले. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत दहन स्वीकारणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृहही झाले. मात्र या वादविवादांत धर्म, आरोग्य, शेजारच्या इमारतींची तक्रार या सर्वांचा ऊहापोह होत असताना, दार उघडून आत जाणाऱ्या त्या दोघांना कालच्या व परवाच्या देहांमधून आता रोज काय पाहत चालावे लागते, हा मुद्दा क्वचितच कोणी मांडला. ज्या दंडकाचा आधार होता तो तोच राहिला आणि त्याच्यावर पडणारा भार मात्र कितीतरी पटींनी वाढला.

कोविडच्या महामारीत मृतांची सेवा करणाऱ्यांवरचा हा भार सर्वांच्याच अनुभवास आला. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने कोविडने मरण पावलेल्यांच्या देहांच्या व्यवस्थेसंबंधी जे निर्देश काढले त्यांत स्नान घालणे, आलिंगन देणे, चुंबन घेणे यांस मनाई होती. अशा मृतांसाठी पारशांच्या दखम्याची वाट बंद झाली. सुरतेच्या पारशी पंचायतीने न्यायालयात दाद मागितली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर, दखम्यावर पक्ष्यांसाठी जाळी घालण्यासह, एक कार्यपद्धती मान्य झाली. दरम्यान मुंबई-पुण्याच्या विद्युतदाहिन्यांवरील कर्मचाऱ्यांनी अहोरात्र पाळ्या केल्या. आप्त दूर उभे, आणि कोणाच्या तरी बापाला, कोणाच्या तरी मुलीला शेवटचा हात लावणारा माणूस एक अनोळखी पालिका नोकर, असे दिवस त्यांनी काढले. घरी गेल्यावर मुलांना जवळ घेण्याची त्यांना भीती वाटत होती, आणि चाळीतल्या शेजाऱ्यांना त्यांची. वर्तमानपत्रांनी त्यांना योद्धे म्हटले. त्या पाळ्यांनंतर त्यांच्याजवळ बसणारे कोणी असेल, अशी तजवीज बहुतेक ठिकाणी नव्हती.

ही तजवीज कशी असावी याविषयी जगाचा एक प्रयोग करून झाला आहे, आणि त्याचा पश्चात्तापही. १९८३ साली जेफ्री मिचेल यांनी भीषण प्रसंगानंतर सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत अनुभव बोलावयास लावण्याची पद्धत मांडली आणि ती झपाट्याने पसरली. पुढे काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा एका बैठकीने मनोविकार टळतो असा पुरावा मिळाला नाही, काहींना तर तिने अपायच झाला, आणि २००५ साली ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनाने ती सरसकट वापरू नये असे सांगितले. तिच्या जागी ब्रिटिश नौसैनिकांच्या रॉयल मरीन्स दलात रूढ झालेली रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. तीत दलातीलच काही जणांना थोडे शिक्षण दिले जाते. ते वैद्य नसतात, उपचार करीत नाहीत. प्रसंगानंतर काही दिवसांनी, आणि पुन्हा महिन्याभराने, ते आपल्या सोबत्याशी बोलतात, त्याची झोप, त्याचा राग, त्याचे पिणे, त्याचे एकटे राहणे यांकडे लक्ष ठेवतात, आणि गरज दिसली तर त्याला तज्ज्ञाकडे पोहोचवितात. बोलण्याची सक्ती नाही, आणि दुर्लक्षही नाही. जो स्वतः त्या कामातून गेला आहे त्याला वासाचे वर्णन करावे लागत नाही, लाज आवरून धरावी लागत नाही. एवढ्याने निम्मे अंतर तुटते.

आपल्या स्मशानभूमींच्या दप्तरात यासाठी फार मोठी उलथापालथ करावी लागेल असे मला वाटत नाही. हजेरीपटावर रात्रपाळीला एकट्याचे नाव लागू नये. नव्या माणसाने पहिले काही महिने जाणत्याबरोबरच काम करावे, आणि लहान मुलाचा किंवा अपघातातला देह आला तर ते काम एकट्यावर सोडू नये. पाळी संपल्यावर गरम पाण्याने स्नान करण्याची व कपडे बदलण्याची नीट जागा असावी. पुष्कळ ठिकाणी तीही नाही, आणि अंगाचा वास घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला काम घरी नेऊ नकोस असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची सरकारी सेवा मराठीतही मिळते. तो क्रमांक दाहिनीच्या कचेरीत दरपत्रकाशेजारी लिहावा. मात्र क्रमांक फिरवण्याइतके बळ ज्याच्यात उरलेले नाही त्याच्यासाठी प्रत्येक पाळीत एक शिकलेला सहकारी असला पाहिजे, त्याला या कामासाठी भरपगारी वेळ मिळाला पाहिजे, आणि तो मुकादम असता कामा नये. कारण ज्याच्या हाती हजेरी व रजा आहेत त्याच्यापुढे आपल्याला रात्री झोप येत नाही हे कोणी कबूल करीत नाही.