चिमुरड्यांचे ‘निरुपद्रवी’ फटाके
दिवाळीत सुतळी बॉम्ब थोरल्यांना आणि नागगोळी, फुलबाजी चिमुरड्यांना, ही घरोघरची वाटणी. आवाज नाही म्हणजे धोका नाही, हा त्यामागील समज. मात्र पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या २०१६ मधील पाहणीत सर्वाधिक सूक्ष्म धूलिकण आढळले ते नागगोळीच्याच धुरात. मुले तर ती ओणवी होऊन पाहतात. त्यांचा श्वासही मोठ्यांपेक्षा जलद असतो. फुलबाजीचे जळते टोक सुमारे एक हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि विझल्यावरही तार चटका देते. ती लगेच पाण्याच्या बादलीत टाकावी. कपडे सुतीच हवेत. नायलॉनचे नवे परकर-पोलके छायाचित्रापुरतेच बरे! भाजल्यास टूथपेस्ट न फासता तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.